शिवकालीन सादरीकरणाला ‘फॅन्सी ड्रेस’ म्हणतात, उत्तर काय द्यायचं?

बाराबंदी (धागाकर्ता):

राम राम मंडळी.

सतराव्या शतकातला मराठ्यांचा पायदळाचा शिपाई आणि त्याची छावणी दाखवणारे छोटे गट आता बऱ्याच गावांत आहेत. दहा-पंधरा माणसं, पदरमोड करून घेतलेले कपडे आणि हत्यारं, शाळेच्या मैदानावर किंवा गडाच्या पायथ्याच्या गावात दोन-तीन तास. नाटक नाही, पल्लेदार संवाद नाहीत, मिरवणूक नाही. लोकांनी जवळ यावं, वस्तू हातात घ्यावी, विचारावं, इतकंच.

तरी टीका व्हायची ती होतेच. एक बाजू म्हणते, मोठी माणसं फॅन्सी ड्रेस करून फिरतात. दुसरी म्हणते, तुम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही, सिनेमा बघून कपडे शिवता आणि पोरांच्या डोक्यात चुकीचं भरवता. तिसरी तलवार दिसली की ‘हिंसेचं उदात्तीकरण’ म्हणते. आणि चौथा आक्षेप शाळेचे मुख्याध्यापक घेतात, तो म्हणजे कुणाला लागलं तर जबाबदार कोण?

‘ही आमची अस्मिता आहे’ हे उत्तर नको आहे. त्याने वाद मिटत नाही, पेटतो. टीका करणाऱ्याने ऐकून ‘बरं, हे माहीत नव्हतं’ म्हणावं, अशी उत्तरं हवी आहेत. जाणकारांनी तपशिलात लिहावं. आणि टीकेतलं जे खरं असेल तेही सांगा.

खोबळा:

चारही आक्षेपांना एकच उत्तर शोधू नका. ‘फॅन्सी ड्रेस’वाल्याशी तोंडाने बोलण्यात हशील नाही. त्याच्या हातात ढाल द्या आणि ती उलटी करायला सांगा.

ढालीच्या दर्शनी बाजूला चार फुलं असतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. आतल्या बाजूला बरोबर त्याच चार जागी कड्या असतात. फुलाचा खिळा कातड्यातून आरपार जातो आणि आत कडी पकडतो. कड्यांतून दोन वाद्या ओवलेल्या असतात, दोन्ही एकाच मुठीत धरायच्या, आणि बोटांची पेरं ढालीवर आपटू नयेत म्हणून मध्ये चौकोनी गादी. थोडक्यात, फुलं म्हणजे वायसर. फटक्याचा जोर एका खिळ्यावर न येता कातड्यावर पसरावा यासाठी ती आहेत, शोभा नंतरची. बाजारातल्या फायबरच्या ढालीवर फुलं गोंदाने चिकटवलेली असतात आणि आत मधोमध कपाटाला लावतात तसलं हँडल. अशा ढालीच्या कडेवर लाठी बसली की ढाल मनगटासकट फिरते. दोन्ही ढाली शेजारी ठेवा, माणसाला स्वतः फिरवून बघू द्या. दोन मिनिटांत ‘फॅन्सी ड्रेस’ हा शब्द मागे पडतो.

दांडपट्ट्याचंही तेच. पट्ट्याला तलवारीसारखी मूठ नसते. कोपरापर्यंत जाणारा लोखंडी खोबळा, त्याच्या आत आडवा दांडा, तो मुठीत धरायचा, आणि वरच्या टोकाला पट्टी हाताला बांधायची. एकदा हात आत गेला की मनगट बंद. तलवारीला जो मनगटाचा झटका देता येतो तो इथे देताच येत नाही, वार खांद्यातून आणि कंबरेतून काढावा लागतो. पाय चुकला की पट्टा चुकला. म्हणून पट्टेबाज सतत वळताना, गिरक्या घेताना दिसतो. प्रेक्षकांना तो नाच वाटतो, पण थांबलेलं पातं पुन्हा चालू करायला फार जोर लागतो, म्हणून तो ते थांबूच देत नाही. हे वाचून समजतं, पटत नाही. खोबळा हातात चढवला की पटतं. या छंदाचा उपयोग विचाराल तर मी हे सांगेन.

आता पट्ट्यात काय बिघडतं ते, कारण टीकाकाराने बरोबर तिथेच बोट ठेवलं तर पंचाईत नको.

भिंतीवर लावायचे पट्टे खेळायला घेऊ नका. त्यांचा खोबळा ढगळ असतो. हात आत खुळखुळतो आणि पातं वळून आडवं पडतं. आतला दांडा दोन टाके वेल्डिंग करून चिकटवलेला असतो, तो वाराच्या ऐन भरात सुटतो. दांडा खोबळ्याच्या दोन्ही भिंतींतून आरपार जाऊन बाहेर ठोकून बसवलेला हवा. पातं स्टेनलेसच्या पत्र्याचं असेल तर परत करा. पातं हाताने वीतभर वाकवून सोडायचं, सरळ झालं तर ठीक. वाकलेलंच राहिलं तर ते साधं लोखंड, आणि ते पुन्हापुन्हा सरळ करत राहिलात की एक दिवस तुटणार.

तुटतं कुठे? टोकाला नाही. पातं खोबळ्याला जिथे रिपिटांनी जोडलेलं असतं तिथे, भोकाच्या कडेपासून केसाएवढी चीर सुरू होते. डोळ्याला दिसत नाही. तिथे रॉकेल लावा, पाच मिनिटं थांबा, फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. प्रत्येक कार्यक्रमाआधी हे करायचंच. रेघ दिसली तर तो पट्टा त्या दिवशी मांडणीत ठेवायचा, हातात नाही. सरावाच्या पात्याची कड साधारण दोन मिलिमीटर जाड आणि गोल हवी, टोक जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं गोल. कडेला खाचा पडल्या की कानशीने लगेच घासून काढा. खाच बोथट पात्यालाही करवत बनवते.

मोडीचा_फराटा:

वर खोबळा यांनी हत्याराचं लिहिलं, मी कपड्यांचं आणि पुराव्याचं लिहितो. ‘सिनेमा बघून कपडे शिवता’ हा आक्षेप दुर्दैवाने अर्धा खरा आहे, आणि तो मान्य करूनच उत्तर द्यावं लागेल.

आधी स्वतःशी कबूल करा की राजाची चित्रं आहेत, शिपायाची जवळजवळ नाहीत. शिवाजी महाराजांची त्या काळातली किंवा लगतची जी चित्रं आहेत, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं, त्यांत पायघोळ जामा, कंबरेला पटका आणि दख्खनी-मोगली धाटणीचं पागोटं दिसतं. मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातलं, पॅरिसला असलेलं चित्र घोड्यावरचं आहे आणि सोबत पायी चालणारे हत्यारबंद लोक आहेत. पायदळाच्या माणसासाठी हाताशी असलेला चांगला दुवा म्हणजे तेच. बाकी बरंचसं नंतरच्या चित्रांवरून आणि गावाकडच्या जुन्या पोशाखावरून केलेलं अनुमान आहे. अनुमान करायला हरकत नाही, ते पुरावा म्हणून खपवायला आहे.

नेहमीच्या चुका सांगतो. शिवकाळाच्या मांडणीत चक्री पगडी घातलेला माणूस. ती पुढच्या शतकातली, पेशवाईची. लग्नात बांधतात तसा कडक तुरेदार फेटा. छापील काठ. बाराबंदीला आतून चापाची बटणं आणि वरून शोभेचे बंद. आणि भगवं पॉलिएस्टर, जे उन्हात चमकतं आणि चुलीजवळ गेलं की वितळून कातडीला चिकटतं, म्हणजे चूकही आणि धोकाही.

करायचं काय, तर पायदळाच्या माणसाला गुडघ्यापर्यंतचा मांडचोळणा, बंदांची आखूड बंडी किंवा बाराबंदी, कंबरेला शेला, डोक्याला मुंडासं. मांजरपाट (जाडं सुती कापड) घ्या, न ब्लीच केलेला. छत्तीस इंची पन्हा असेल तर मध्यम अंगाच्या माणसाच्या बाराबंदीला अडीच ते तीन मीटर, मुंडाशाला सहा-सात मीटर लांब पण मऊ कापड. शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही दोन बोटं आखडते आणि हात वर केला की काखेत उसवते. आतली शिलाई मशिनवर मारलीत तरी चालेल, दिसणारी हाताने घाला. बंद कुठल्या बाजूला, हा प्रश्न जाणकार प्रेक्षक हमखास विचारतो. मोगली चित्रांच्या अभ्यासात डावीकडे बांधलेला जामा हिंदूचा, उजवीकडे बांधलेला मुसलमानाचा, अशी खूण सांगतात. निदान एका गटातल्या सगळ्यांचे बंद मनाला येईल तसे नकोत.

रंगाचंही तसंच. आल या झाडाच्या मुळीचा तांबडा, निळीचा निळा, हळदीचा पिवळा (हा उन्हाने उडतो, म्हणून सादरीकरणाच्या कपड्याला नको). आलाच्या तांबड्याला तुरटी लावली नाही तर पहिल्या घामालाच रंग अंगावर उतरतो.

आता दुसरा भाग, म्हणजे ‘तुम्ही अभ्यासक नाही’. चुका अभ्यासकांच्याही दुरुस्त झाल्या आहेत. शिवाजी महाराजांचं म्हणून बरीच वर्षं जे चित्र छापलं जायचं ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं निघालं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ते पुराव्याने दाखवलं आणि खरं चित्र पुढे आणलं. चूक होणं ही लाज नाही, चुकीला दुरुस्तीची वाट न ठेवणं ही आहे. म्हणून मांडणीतल्या प्रत्येक वस्तूशेजारी एक चिठ्ठी ठेवा. हिरवी म्हणजे समकालीन चित्र किंवा कागदाचा आधार आहे. पिवळी म्हणजे लगतच्या काळावरून अंदाज, उदाहरणार्थ महाराजांनंतर काही वर्षांतच जिंजीला लिहिलेली सभासदाची बखर. लाल म्हणजे सोयीसाठी केलेली तडजोड. फायबरची ढाल, मशिनची शिलाई, चष्मा, सगळं लाल. टीकाकार येतो तो लाल चिठ्ठ्या शोधायला. त्या आधीच लावलेल्या दिसल्या की त्याच्याशी बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं.

गडवाट:

एवढ्या कौतुकात थोडं मीठ टाकतो.

‘हिंसेचं उदात्तीकरण’ म्हणणारे सगळेच वेडे नाहीत. डोक्यावर लिंबू ठेवून ते पट्ट्याने कापणं, पोटावर काकडी ठेवून कापणं, पेटत्या पलित्याची लाठी, हे प्रकार इतिहास दाखवत नाहीत, जीव टांगणीला लावून टाळ्या घेतात. शाळेतल्या पोराने त्यातून काय शिकायचं? पट्ट्याची अचूकता दाखवायची असेल तर केळीचा खुंट जमिनीत रोवा, त्यावर लिंबू ठेवा. अचूकता तीच दिसते, फक्त माणसाचं डोकं नसतं.

दुसरं, ‘शिवकालीन युद्धकला’ ही पाटी. आजचा मर्दानी खेळ कोल्हापूरच्या तालमींनी टिकवला, त्याबद्दल त्यांना दंडवत. पण आज शिकवला जाणारा प्रत्येक हात, प्रत्येक गिरकी १६६० साली अशीच होती असं दाखवणारा सलग पुरावा कुणीही समोर ठेवत नाही. तालमीत परंपरा हलते, शोभेचे हात वाढतात. ‘परंपरागत मर्दानी खेळ’ म्हणा. खरं आहे आणि पुरेसं आहे.

तिसरं, गड. २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतली जिंजी. त्यानंतर गडावर कार्यक्रम करायची हौस वाढली आहे. रायगडासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय खुंट्या ठोकणं, चूल पेटवणं, ध्वनिक्षेपक लावणं चालत नाही, आणि चालू नये. राज्य संरक्षित गड असेल तर पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी. राहुटीची एक खुंटी दगडी फरसाच्या सांध्यात ठोकली की पावसाळ्यात त्या सांध्यातून पाणी उतरतं, खालचा भराव वाहतो आणि दोन वर्षांनी चिरा हलतो. छावणी पायथ्याच्या शेतात करा. तसंही सैन्याचे तळ पाणी आणि चारा बघून पडायचे, सदरेसमोर नाही.

चौकीदार:

लागलं तर जबाबदार कोण, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न चारांत सगळ्यात रास्त आहे आणि त्याचं उत्तर कागदावरच द्यावं लागतं.

आधी कायदा, थोडक्यात. शस्त्र नियमांच्या वर्गवारीत तलवार, भाला, खंजीर वगैरे, म्हणजे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरकाम, शेतीची अवजारं वेगळी. ‘आमच्याला धार नाही, म्हणून ते शस्त्रच नाही’ हा युक्तिवाद घरी ठीक आहे, नाक्यावर रात्री गाडी अडवली की त्याचा फार उपयोग नाही. दुसरं म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१). त्याखाली निघालेल्या मनाई आदेशात तलवारी-भाले तर येतातच, काठ्या-लाठ्याही येतात. हे फार जणांना माहीत नसतं. ‘आम्ही फक्त लाठी आणली’ ही पळवाट नाही. असे आदेश सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत वारंवार निघतात. तारीख ठरवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला, त्यामुळे तो मोकळा झाला असंही कुणी समजू नये.

अर्ज किमान पंधरा दिवस आधी. त्यात जागा, वेळ, जबाबदार माणसाचं नाव आणि हत्यारांची यादी: नग, लांबी, बोथट असल्याचा उल्लेख, प्रत्येकाचा फोटो. वाहतुकीत हत्यारं गोणपाटात गुंडाळून, पेटीत कुलूपबंद, पोहोच मिळालेल्या अर्जाची प्रत त्याच पेटीत. तोड्याची (जळत्या वातीने उडणारी) बंदूक दाखवायची असेल तर नळी भरीव गजाचीच घ्या. पोकळ नळीला मागून भोक पाडलं की ती नकली राहत नाही, आणि नकलीची खरी करणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे, शस्त्र कायदा कलम ६. दारू, बार, धूर हे विषय काढूच नका. ज्या देशांत हा छंद जुना आहे, म्हणजे ब्रिटन किंवा अमेरिका, जिथे यादवी युद्धाचे देखावे करतात, तिथे बार काढतात खरे, पण लढाईच्या देखाव्यात बंदुकीच्या नळीत ठासणीचा गज घालायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, कारण विसरलेला गज बाणासारखा सुटतो. आपल्याकडे तेवढा कडक सराव नाही, तेव्हा नकोच.

आता मैदान. अंतराचा हिशेब असा करा: हात अडीच फूट, पातं साडेतीन ते चार, एक झेप तीन. झाले साडेनऊ. त्याच्या दुप्पट, म्हणजे उभ्या जागेपासून साधारण वीस फुटांवर दोर. एक दोर पुरत नाही, पोरं खालून शिरतात. पहिला जमिनीपासून दोन फूट उंचीवर, दुसरा साडेतीन फूट उंचीवर. चार बाजूंना चार माणसं, आणि त्यांनी खेळ बघायचा नाही, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं. हे शेवटचं कुणी पाळत नाही आणि गोंधळ तिथेच होतो.

विट्याला नियम वेगळा. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. दोरीचा फास मनगटात, दोरी साधारण पाच फुटांची. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. दोरी तुटली तर तो परत येत नाही, पुढे जातो. म्हणून विट्यासमोर प्रेक्षक नकोतच, समोर भिंत किंवा बांध आणि लोक दोन्ही बगलांना. भाल्याच्या फाळाला रबराची टोपी. दोरी सुती, दर हंगामाला नवी. नायलॉनची ताणली जाते आणि परत येताना भाला मनगटाऐवजी तोंडावर येतो.

लाठीचा बांबू भरीव, उंची खेळणाऱ्याच्या कानापर्यंत. वर्षातून दोनदा जवसाचं तेल. वाळका बांबू उभा चिरतो, आतून फास निघते आणि पुढच्या आघाताला ती तळहातात जाते. चीर गेलेल्या काठीला तार गुंडाळून चालवू नका, चुलीत घाला. शाळेतल्या मुलांच्या हाती द्यायचं झालंच तर फरी-गदका द्या, कातडं गुंडाळलेली छडी आणि छोटी ढाल. वार फक्त कंबरेखाली, डोक्याचे वार अजिबात नाहीत.

शिट्टी एक, तीही एकाच माणसाकडे. वाजली की हत्यारं जमिनीवर, उचलून धरायची नाहीत. गवत ओलं असेल तर पट्टा रद्द, बदली कार्यक्रम आधीच ठरलेला हवा.

हे सगळं दोन पानांवर लिहून मुख्याध्यापकांना आधी द्या. त्यांना धीर ऐतिहासिक वारशाने येत नाही, दोराच्या उंचीने येतो.

बाराबंदी:

भरभरून लिहिलंत, आभार. लिंबाचं पटलं. ‘युद्धकला’ शब्दाचंही.

एक प्रश्न राहिला, तो थोडा नाजूक आहे. समोरची बाजू कुणी करायची? बहुतेक गटांत अफझलखानाच्या किंवा मोगलाच्या भूमिकेला कुणी तयार नसतं, आणि झालाच तर त्याच्याकडे बघून प्रेक्षकांतून नको त्या घोषणा येतात. बाहेरचे लोक नेमकं तेवढंच चित्रीकरण करून फिरवतात. मग ‘हा छंद नाही, राजकारण आहे’ हा आक्षेप खोडणं अवघड होतं.

चंदी_वैरण:

समोरची बाजू ठेवूच नका, हे माझं स्पष्ट मत. दहा-पंधरा माणसांत लढाई उभी राहत नाही, हाणामारी उभी राहते. प्रतापगडाला दोन्हीकडे हजारोंनी माणसं होती. ते पंधरा जणांत दाखवायला गेलं की उरतो एक खलनायक आणि बाकी घोषणा.

शिवाय ‘ते’ आणि ‘आपण’ ही विभागणी त्या काळावर बसतही नाही. महाराजांच्या पायदळाचा पहिल्या काळातला सरनोबत (सेनापती) म्हणून नूरबेगाचं नाव येतं, आरमारात दौलतखान आहे. उलट अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर, आणि १६६५ साली मोगलांकडून पुरंदराला वेढा घालायला आलेला सेनापती मिर्झाराजे जयसिंह. कुणी विचारलं तर ही चार नावं सांगावीत आणि पुढच्या वस्तूकडे वळावं. भाषण नको.

दाखवायचं काय, तर छावणी. त्यात विषय संपत नाहीत. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना (लष्करी अधिकाऱ्यांना) गेलेलं शिवाजी महाराजांचं पत्र घ्या, अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. विषय काय, तर पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत बेताने वापरा, आताच उधळलंत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी मरतील. रयतेचं लुबाडू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा. आणि मग आगीची ताकीद: कुणी चुली पेटवतील, कुणी तंबाखू ओढतील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. एका राजाच्या पत्रात उंदीर! हे एक पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि शेजारी गवताची गंजी, पाण्याचं मडकं, झाकलेला दिवा मांडा. उदात्तीकरणाचा आक्षेप घ्यायला जागाच राहत नाही. सैन्य म्हणजे मुख्यतः चारा, पाणी, धान्य आणि शिस्त हे पोरांना दिसतं.

चुलीकडे मात्र लक्ष हवं. सर्वात जास्त चुका तिथे होतात आणि त्या कपड्यांहून ठळक दिसतात. बटाटा, टोमॅटो, साबुदाणा, चहा बाद. शेंगदाणेही नकोत. नाचणी-ज्वारीची भाकरी, कुळथाचं पिठलं किंवा माडगं, कांदा, लसूण, मीठ, ताक. मिरची पोर्तुगीजांमार्गे आलेली, तेव्हा ती मावळातल्या शिपायाच्या भाकरीवर होती का यावर वाद होतो. वाद टाळायचा तर तिखटाला मिरी घाला आणि पिवळी चिठ्ठी लावा. पंधरा माणसांना कुळथाचं पीठ सव्वा किलो, भाकरीचं पीठ चार किलो. स्टीलची ताटं नकोत, पत्रावळी. आणि पत्रावळीखाली प्लास्टिकचा थर असलेल्या विकतच्या नकोत, त्या चुलीजवळ वास मारतात.

दहा-बारा किलोचं ओझं बांधून ठेवा: धान्याची पडशी, कांबळं, ढाल, काठी. ज्याला वाटतं हा फॅन्सी ड्रेस आहे त्याने ते घेऊन मैदानाला तीन फेऱ्या माराव्यात. बाजीप्रभूंच्या वाटेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, भर पावसात भिजलेल्या कांबळ्याचं वजन कुणालाच ठाऊक नसतं. कांबळं कोरडं आणि भिजवून दोन्ही वेळा काट्यावर तोलून आकडा चिठ्ठीवर लिहा. काटा शेजारीच ठेवा, लोक स्वतः तोलतात.

मोडीचा_फराटा:

पत्र वाचताना एक काळजी घ्या. मूळ वाक्यं फार्सी शब्दांनी भरलेली आहेत, ती ‘सोपी’ करून मूळ म्हणून वाचू नका. आधी मूळ, मग आजच्या मराठीत, आणि दोन्हींत फरक आहे हे सांगून. ‘भाजीच्या देठासही हात लावू नये’ हे वाक्य लोक याच पत्राला चिकटवतात. तो आशय महाराजांनी रामाजी अनंत या सुभेदाराला लिहिलेल्या वेगळ्या पत्रातला आहे. तेवढ्यावरून जाणकार माणूस सगळी मांडणी निकालात काढतो.

बाराबंदी:

घेतलं. प्रवेशापाशी लावायच्या फलकाचा मजकूर असा केला आहे, बघा:

‘हे सतराव्या शतकातल्या मराठी पायदळाच्या छावणीचं सादरीकरण आहे. आम्ही इतिहास संशोधक नाही. हिरव्या चिठ्ठीला आधार आहे, पिवळी अंदाज आहे, लाल आमची तडजोड आहे. हत्यारं बोथट आहेत, तरी दोराच्या आत येऊ नये. चूक दिसली तर शेजारच्या वहीत लिहा. सर्व हत्यारे शिवकालीन आहेत.’

चौकीदार:

शेवटचं वाक्य काढा. ‘शिवकालीन धर्तीवर नव्याने बनवलेली आहेत’ असं करा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, मग पोलीस आणि पुरातत्त्व दोघेही चौकशीला येतील. खरंच कुणाच्या घरातली जुनी तलवार असेल तर ती मैदानात आणायचीच नाही. घाम लागला की गंजते आणि गंज काढायला कुणीतरी सँडपेपर घेऊन बसतो.

खोबळा:

वही दोरीने बांधा, पेन दोन ठेवा. फलकाची अक्षरं दहा फुटांवरून वाचता येतील एवढी हवीत, आणि लाल चिठ्ठ्या लॅमिनेट करू नका. उन्हात चकाकतात, नेमक्या त्याच वाचता येत नाहीत, आणि मुद्दाम लपवल्या असं वाटतं.